गाव ‘ओस पडलं’ की ‘ओस पाडलं’? हेब्रॉनच्या निमित्ताने क्रियापदांविषयी

सिनॉप्सिस लिहिताना आपण शीर्षकावर खूप डोकं घालवतो, मेथडॉलॉजीवर त्याहून जास्त. क्रियापदांकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. आणि इतिहास किंवा समाजशास्त्रातलं संशोधन असेल, तर निम्मा घोटाळा क्रियापदातच झालेला असतो.

एक साधं वाक्य घ्या. ‘सन १९५९ मध्ये हे गाव ओस पडले.’ व्याकरण बरोबर, सालही बरोबर. गाईड इथे लाल पेन लावणार नाहीत. पण या वाक्याचा कर्ता कोण? गाव. जणू पिकलं पान गळावं तसं गावच आपलं आपण पडलं. आता यात एक काना घाला. ‘ओस पाडले.’ लगेच तोंडात प्रश्न येतो, कुणी? मराठीत ही सोय फार चांगली आहे. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, उठणे-उठवणे, तुटणे-तोडणे. संशोधन करणाऱ्याने या जोड्या खिशात ठेवूनच फिरावं.

आज या जोडीचा उपयोग एका खऱ्या गावाच्या इतिहासावर करून बघू. गाव आपल्यापासून फार लांबचं आहे आणि ते मुद्दाम निवडलंय. जवळच्या गावाबद्दल आपली मतं आधीच ठरलेली असतात. लांबच्या गावात युक्तिवादाचे सांधे स्पष्ट दिसतात.

गाव कुठलं?

कॅनडाच्या ईशान्येला लॅब्राडॉरचा किनारा आहे. त्याच्या उत्तर भागात, नेन या आजच्या गावापासून सुमारे २०० किलोमीटर वर, हेब्रॉन आहे. रस्ता नाही. उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात बर्फावरून कुत्र्यांची गाडी, हीच पूर्वीची वाट. किनाऱ्यावरची झाडांची सीमा हेब्रॉनच्या दक्षिणेलाच संपते, म्हणजे गावाच्या आसपास जंगल नाही. पण समुद्र भरलेला: सील, चार नावाचा मासा, आणि आतल्या बाजूला कॅरिबूचे कळप. इथे राहणारे लोक इन्युइट.

‘हेब्रॉन’ हे नाव बायबलमधलं. ‘नेन’ही बायबलमधलंच. मोरेव्हियन पंथाच्या मिशनऱ्यांनी १७७१ मध्ये नेनला पहिलं ठाणं उभारलं आणि १८३०च्या सुमारास ते हेब्रॉनला पोचले. त्यांनी तिथे चर्च, राहण्याची जागा आणि कोठार एकमेकांना जोडलेली अशी लांबलचक लाकडी इमारत बांधली. त्याआधी इन्युइट लोक या जागेला कांगेर्द्लुक्सोआक म्हणत. अर्थ साधा, मोठी खाडी.

इथे पहिली खूण करून ठेवा. बहुतेक लेखांत गावाचा इतिहास १८३०च्या सुमारास ‘सुरू’ होतो आणि १९५९ मध्ये ‘संपतो’. दोन्ही टोकं मिशनची आहेत. मिशन आलं, गाव सुरू. मिशन गेलं, गाव संपलं. पण सीलच्या मागे जाणारी, ऋतूप्रमाणे मुक्काम हलवणारी माणसं तिथे आधीपासून होती. तुम्ही कालखंड निवडता तेव्हा, कळत-नकळत, कुणाचं तरी कॅलेंडर उचलता. ‘कालखंडाची मर्यादा’ असं प्रकरण आपण सगळेच लिहितो. त्यात ‘हा कालखंड कुणाच्या नोंदींमुळे ठरला’ हे एक वाक्य घालून बघा, व्हायवात उपयोगी पडेल.

कागद कुणी लिहिले?

मोरेव्हियन लोक कागदाच्या बाबतीत फार काटेकोर. रोजनिश्या, वार्षिक अहवाल, जन्म-मृत्यूची पुस्तकं, सगळं आहे. लंडनहून त्यांचं एक नियतकालिक १७९० पासून निघायचं, त्यात जगभरच्या ठाण्यांचे वृत्तांत छापले जात. इतकं साहित्य मिळालं की संशोधकाला आनंदाचं भरतं येतं. पण छापलेले वृत्तांत वाचणारे कोण होते? मिशनचे पाठीराखे आणि देणगीदार. त्यामुळे त्यात श्रद्धा वाढल्याच्या, संकटातून तरल्याच्या गोष्टी नीट सापडतात. दुकानाच्या उधारीबद्दल लोक चुलीपाशी काय बोलत होते, ते तिथे शोधू नका.

याच मिशनमुळे इन्युइट लोक आपल्या भाषेत, इनुक्टिटुटमध्ये, लिहायला-वाचायलाही शिकले. म्हणून हेब्रॉनमधून एक विलक्षण दस्तऐवज आपल्यापर्यंत आला. १८८० मध्ये अब्राहम उलरिकाब नावाचा हेब्रॉनचा माणूस बायको, दोन मुली आणि एका तरुणासह युरोपला गेला. कार्ल हागेनबेक या जर्मन व्यापाऱ्यासाठी माणसांची प्रदर्शनं भरवली जात, त्यातलं हे एक. उत्तरेकडचं, ख्रिस्ती न झालेलं तिघांचं आणखी एक कुटुंब त्यांच्याबरोबर होतं. जायला मिशनऱ्यांचा विरोध होता. अब्राहमला मात्र मिशनच्या दुकानाचं कर्ज फेडायचं होतं, जाण्याच्या कारणांपैकी हे एक. देवीची लस वेळेवर टोचली गेली नाही आणि जानेवारी १८८१ पर्यंत आठही जण गेले. शेवटचे मृत्यू पॅरिसमध्ये झाले.

अब्राहम डायरी लिहीत होता. मूळ इनुक्टिटुट प्रत हरवली. उरलं ते एका मिशनऱ्याने केलेलं जर्मन भाषांतर, आणि त्यावरून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेलं इंग्रजी भाषांतर. ‘गावकऱ्याचा स्वतःचा आवाज’ म्हणून आपण ज्याचा हवाला देतो तो इतक्या हातांतून आलेला आहे. म्हणून तो टाकून द्यायचा का? अजिबात नाही. पण संदर्भ देताना कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत आला, कुणी आणला, हे लिहायचंच. आपल्याकडे इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवलेली जबानी आपण ‘शेतकऱ्याचं म्हणणं’ म्हणून बिनधास्त उद्धृत करतो, तिथेही हाच नियम लागू.

साथीने गाव संपतं का?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. हेब्रॉन का रिकामं झालं, याचं सगळ्यात सोपं स्पष्टीकरण असं: दुर्गम जागा, कडक थंडी, रोगराई, अशी गावं हळूहळू संपतातच. ऐकायला पटतं. तपासून बघू.

१९१८ च्या शरद ऋतूत मिशनचं ‘हार्मनी’ जहाज नेहमीप्रमाणे माल घेऊन आलं आणि त्याच्याबरोबर इन्फ्लुएन्झाही आला. हेब्रॉनच्या दक्षिणेला ओकाक नावाचं मोठं ठाणं होतं. तिथे २६३ माणसांपैकी २०४ गेली. वाचलेल्यांनी ते गाव सोडलं. ओकाकबद्दल ‘ओस पडलं’ म्हणालात तर मी फार वाद घालणार नाही (जहाज कुणाचं, हा प्रश्न राहतोच).

हेब्रॉनमध्ये तेव्हा शंभरेक माणसं होती. त्यातली ८६ गेली. पुन्हा वाचा, शंभरातली ८६. आसपासच्या मुक्कामांवर मेली ती वेगळी.

आणि हेब्रॉन संपलं नाही.

लोक राहिले, इतर ठिकाणांहून काही येऊन मिळाले, मुलं झाली. १९५९ मध्ये तिथे दोनशेच्या आसपास माणसं होती. ‘दुर्गम गावं आपोआप संपतात’ या सिद्धांताची याहून कडक परीक्षा कुठली असणार? जे गाव १९१८ मध्ये संपायला हवं होतं ते पुढे ४१ वर्षं चाललं, वाढलं. मग १९५९ मध्ये असं काय घडलं, जे त्या साथीलाही जमलं नव्हतं?

रिसर्च डिझाइनच्या भाषेत सांगायचं तर हेब्रॉन आणि ओकाक ही तुलनेची जोडी आहे. एकच किनारा, एकच मिशन, एकच साथ, निकाल वेगळा. जोडी सापडली की कारण कुठे शोधायचं ते कळतं. तुमच्या विषयातही अशी एखादी जोडी असेल, शोधा.

१९५९ मध्ये नेमकं काय झालं

यासाठी थोडं मागे जावं लागतं. मिशन नुसतं चर्च चालवत नव्हतं, दुकानही चालवत होतं. १९२६ मध्ये मिशनने व्यापार हडसन्स बे कंपनीला भाड्याने दिला. १९४२ मध्ये कंपनी निघून गेली आणि न्यूफाउंडलंडच्या सरकारने दुकानं हातात घेतली. १९४९ मध्ये न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झालं. त्या विलीनीकरणाच्या अटींत इन्युइट आणि इतर मूळ रहिवाशांचा उल्लेखच नव्हता. म्हणजे त्यांची जबाबदारी केंद्राची की प्रांताची, हे लटकतच राहिलं.

एव्हाना बंदुकीच्या गोळ्या, पीठ, चहा, जाळी या वस्तूंसाठी लोक दुकानावर अवलंबून झाले होते. हा अवलंब सव्वाशे वर्षांत घडवला गेला होता. दुकान, चर्च आणि आरोग्यसेवा हे गावाचे तीन खांब. १९५६ मध्ये सरकारने ओकाकच्या परिसरातलं नुटाक बंद केलं. १९५९ मध्ये हेब्रॉनची पाळी आली. मिशन ठाणं बंद करणार, सरकार दुकान बंद करणार. ‘तुम्ही जा’ असं कुणी बंदूक रोखून म्हणालं नाही. खांब काढून घेतले, छप्पर कोसळायचंच होतं.

सरकारी बाजूची कारणंही प्रामाणिकपणे मांडू, कारण विरुद्ध बाजू तिच्या सगळ्यात भक्कम रूपात मांडल्याशिवाय टीका टिकत नाही. सरपणाची टंचाई होती. घरं दाटीची होती आणि क्षयरोग पसरलेला होता. इतक्या उत्तरेला माल आणि डॉक्टर पोचवणं महाग होतं. ही कारणं कुणी रचलेली नाहीत.

पण प्रत्येक कारणाला एक साधा प्रश्न विचारा: यावर दुसरा उपाय होता का? दाटीवर आणि क्षयावर उपाय म्हणजे चांगली घरं. ती दक्षिणेत बांधता येतात तशी उत्तरेतही. सरपणाचं बघा. इन्युइट लोकांकडे सीलच्या चरबीवर जळणारे दगडी दिवे होते आणि ते लहान-लहान गटांनी विखरून राहत. मिशनभोवती एका जागी गोळा होऊन लाकूड जाळायला लागल्यावर टंचाई जाणवू लागली. आणि ‘महाग’ हा शब्द तर नेहमी तपासायचा. कुणाला महाग? ज्याच्या वहीत खर्च दिसतो त्याला. लोकांना जाण्याची जी किंमत पडली ती कुठल्याच वहीत नव्हती.

आणखी एक तुलना. त्याच १९५० च्या दशकात न्यूफाउंडलंड सरकारने किनाऱ्यावरच्या छोट्या मासेमार गावांना एकत्र आणायची योजना आणली होती. १९५४ च्या त्या योजनेत मदत मिळण्यासाठी गावातल्या सगळ्या कुटुंबांची संमती लागायची. त्या संमतीवरही दबाव असायचा, त्यावर स्वतंत्र टीका झाली आहे. पण विचारायची रीत तरी होती. हेब्रॉनच्या इन्युइट लोकांना मत विचारलं गेलं नाही. त्यांना सांगितलं गेलं, आणि तेही चर्चमध्ये.

हा तपशील फार महत्त्वाचा आहे. १९५९ च्या वसंतात गाव बंद होणार ही घोषणा चर्चमध्ये जमवलेल्या लोकांपुढे झाली. चर्चमध्ये उलट बोलायचं नाही, वाद घालायचा नाही, हे त्या समाजात पक्कं होतं. लोक गप्प बसले. आता विचार करा, त्या दिवसाचा वृत्तांत लिहिणारा काय लिहील? कुणी हरकत घेतली नाही. आणि साठ वर्षांनी तो कागद वाचणारा संशोधक काय लिहील? ‘ग्रामस्थांच्या संमतीने.’ गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं नव्हे, हे आपल्याला घरात कळतं, ग्रामसभेत कळतं. अर्काइव्हमध्ये बसल्यावरच आपण ते विसरतो. कागदावर हरकत नसेल तर आधी जागा बघा: हरकत घेता येईल अशी ती जागा होती का?

गेल्यावर काय झालं

माणसं नेन, होपडेल, मॅकोव्हिक अशा ठिकाणी विभागली गेली. मॅकोव्हिक हेब्रॉनपासून सुमारे ४०० किलोमीटर. नातेवाईक वेगवेगळ्या गावांत गेले. सगळ्यांसाठी घरं तयार नव्हती. जी झाली ती बऱ्याचदा गावाच्या कडेला, वेगळ्या आळीत. लोक त्या आळीलाच ‘हेब्रॉन’ म्हणू लागले.

त्याहून मोठा घाव शिकारीचा. शिकाऱ्याचं ज्ञान जागेला बांधलेलं असतं. बर्फ कुठे पातळ, सील कुठल्या महिन्यात कुठल्या खाडीत, हे त्याला आपल्या किनाऱ्याचं ठाऊक. नव्या जागेत चांगल्या जागा तिथल्या कुटुंबांच्या वापरात आधीपासून होत्या. कालपर्यंत घर चालवणारा माणूस एका मोसमात हात बांधलेला झाला. गरिबी, दारू, अकाली मृत्यू, हे सगळं मागोमाग आलं. यानंतर या लोकांवर लिहिलेल्या अहवालात ‘समाजात व्यसनाधीनता आढळते’ असं वाक्य आलं, तर त्याच्याही क्रियापदाकडे बघा. ‘आढळते’. जणू खनिज आहे.

आता या गावावरचं लेखन

हेब्रॉनवर लिहिलेल्या मजकुराचे ढोबळ चार थर दिसतात.

पहिला थर वारशाचा. १९७६ मध्ये हेब्रॉनला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, पण तो ‘हेब्रॉन मिशन’ म्हणून. जपण्यासारखं काय, तर इमारत. भटकंतीच्या लेखांतली ‘भुताची गावं’ याच थरात येतात: धुकं, मोडकी खिडकी, गूढ शांतता. फोटो सुंदर असतात. माणसं का नाहीत, हे कॅप्शनमध्ये नसतं.

दुसरा थर आयोगाचा. मूळ रहिवाशांविषयी नेमलेल्या कॅनडाच्या रॉयल कमिशनने १९९६ च्या अहवालात स्थलांतरांवर आख्खं प्रकरण लिहिलं आणि त्यात हेब्रॉन-नुटाकही घेतलं. याची ताकद तुलनेत आहे. अनेक स्थलांतरं शेजारी ठेवली की प्रशासनाच्या कामाची पद्धत दिसते. मर्यादाही त्यातच. प्रत्येक गाव ‘प्रकारा’चं उदाहरण होऊन जातं.

तिसरा थर कॅरोल ब्राइस-बेनेट यांच्या कामाचा. लॅब्राडॉरच्या इन्युइट लोकांबरोबर त्यांनी अनेक वर्षं काम केलं. १९७७ मध्ये त्यांच्या संपादनाखाली इन्युइट लोकांच्या जमीन-वापराचा मोठा अभ्यास निघाला. हेब्रॉनवरचं त्यांचं लेखन २०१७ मध्ये पुस्तकरूपात आलं. शीर्षकात त्यांनी ‘पुनर्वसन’ किंवा ‘स्थलांतर’ असा शब्द न घेता ‘हुसकावणे’ या अर्थाचा शब्द घेतला. काही जणांना शीर्षकातच निकाल देणं खटकेल. मला वाटतं, ‘स्थलांतर’ हाही निकालच आहे, फक्त तो सरकारच्या बाजूचा असल्यामुळे तटस्थ वाटतो. तटस्थ वाटणारा शब्द आणि अचूक शब्द हे दोन वेगळे असू शकतात.

चौथा थर माफीचा. २२ जानेवारी २००५ रोजी नेनमध्ये लॅब्राडॉर इन्युइट जमीन-हक्क करारावर सह्या झाल्या आणि प्रांताचे प्रीमियर डॅनी विल्यम्स यांनी सरकारतर्फे हेब्रॉन आणि नुटाकच्या लोकांची माफी मागितली. २००९ मध्ये हेब्रॉनला ती फलकावर कोरून लावली गेली, इन्युइट लोकांच्या नुनात्सियावुत सरकारने ती स्वीकारल्याच्या शब्दांसह. ४६ वर्षांनी का होईना, ‘पाडलं’चा कर्ता पुढे आला. पण माफी नीट वाचा. ती गावं बंद करण्याचा निर्णय ज्या पद्धतीने घेतला गेला त्याबद्दल आहे, आणि त्यातून झालेल्या हालांबद्दल आहे. निर्णयाबद्दल नाही. आणि निर्णय ‘घेतला गेला’. कर्मणी प्रयोग इथेही सुटला नाही.

यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. माफी अपुरी म्हणता येईल. किंवा असंही म्हणता येईल की ज्यांचं गाव गेलं त्यांनी ती स्वीकारली आहे, तर बाहेरच्या संशोधकाने नाक मुरडण्याचं कारण काय? मी दोन्ही लिहीन. मजकुराची चिकित्सा हे माझं काम. माफी स्वीकारायची की नाही, हा अधिकार त्यांचा.

‘रिकामं’ म्हणजे किती रिकामं?

एक गोष्ट राहिली. १९५९ नंतर हेब्रॉनमध्ये कायम वस्ती नाही, पण म्हणून ते कुणी विसरलेलं नाही. ऑगस्ट १९९९ मध्ये जुने रहिवासी आणि त्यांची मुलंबाळं तिथे जाऊन भेटली. मिशनच्या इमारतीची दुरुस्ती चालत आली आहे. ज्या लोकांकडून गाव गेलं, त्यांचंच आता त्या भागात स्वतःचं प्रादेशिक सरकार आहे. ‘सोडून दिलेलं गाव’ या शब्दांत लोकांनी मनातूनही गाव सोडलं असं गृहीत धरलेलं असतं. इथे तसं झालेलं नाही.

आपल्याकडे धरणात गेलेल्या गावांबद्दल ‘गाव उठलं’ म्हणतात, आणि सरकारी कागदात माणसं ‘प्रकल्पग्रस्त’ होतात, ‘दुष्काळग्रस्त’ असावीत तशी. जणू प्रकल्प ढगातून पडला. पण त्याच गावातली म्हातारी माणसं बोलताना ‘आम्हाला उठवलं’ म्हणतात. पीएचडीच्या भाषेत लिहिताना आपण त्यांचं ‘उठवलं’ दुरुस्त करून ‘उठलं’ करतो आणि त्याला वस्तुनिष्ठता म्हणतो. हेब्रॉनने शिकवायचं ते एवढंच.

तुमच्या सिनॉप्सिसच्या मसुद्यावर आज रात्री एक काम करा. एक रंग घ्या आणि ‘झाले, पडले, घडले, आढळते, घेण्यात आला, करण्यात आले’ हे शब्द रंगवा. प्रत्येकापुढे चार प्रश्न:

१. ही क्रिया कुणी केली, हे मला माहीत आहे का? असेल तर लपवलंय का?

२. माहीत नसेल तर ते शोधणं हाच माझा संशोधन-प्रश्न तर नाही ना?

३. ज्यांच्यावर ती घडली ते स्वतः कुठलं क्रियापद वापरतात?

४. कागदावर विरोध दिसत नसेल, तर विरोध करायची सोय होती का?

सगळी वाक्यं बदलावी लागतील असं नाही. ओकाकसारखी काही ‘पडलं’च राहतील. पण ती तपासून राहिली असतील. गाईडनी विचारलं, ‘इथे कर्मणी का?’, तर तुमच्याकडे उत्तर असेल.